लाल खुणा दाखवल्या आणि ५५,९९९ रुपये गेले

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली मला लुबाडणारा माणूस दोन दिवसांत मिळून माझ्याशी तीनेक तास बोलला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याने मला एकही खोटी गोष्ट दाखवली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना ज्यांना हा प्रकार सांगितला त्यांनी एकच विचारलं, "अगं, बावीस वर्षं कॉम्प्युटरवर बसतेस, तुला कळलं कसं नाही?" दिसत होतं ते सगळं खरं होतं. त्याचा अर्थ काय, तेवढं तो सांगत होता.

मी ठाण्यात चरईत राहते आणि घरातल्याच एका खोलीत मराठी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, कधीतरी एखाद्या निवृत्त काकांचा कवितासंग्रह. कॉम्प्युटर २०१९ साली असेंबल करून घेतलेला, आठव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा. त्याच्या मागे गेली कित्येक वर्षं एक डाँगल खोचलेला आहे. जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला असा डाँगल लागतो, तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. पेनड्राइव्हसारखा दिसतो. इतका अंगवळणी पडलेला की तिथे काही आहे हेच मी विसरले होते. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा दिवाळीची कामं अंगावर होती म्हणून मी थांबले. घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट घेण्याची सोय होती, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला की ती फुकटही मिळत होती, हे मला नंतर समजलं. आधी समजतं तर घाईच केली नसती. तुळशीची लग्नं लागली आणि पत्रिकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत एकदाचं विंडोज ११ टाकून मोकळं व्हावं असं ठरवलं. कळव्याला राहणाऱ्या भाच्याला फोन लावून बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम चालू करून घेतलं; विंडोज ११ ला लागणारी ती सुरक्षेची सोय. मशीन चालेल का हे तपासायचं मायक्रोसॉफ्टचं ॲप आहे, त्यात सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. शनिवारी दुपारी बटण दाबलं.

टक्के चढत गेले, कॉम्प्युटर एकदा आपणहून बंद होऊन चालू झाला, आणि मग निळा पडदा. त्यावर तो रडका चेहरा. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाची ओळ. अर्ध्या तासाने माझं जुनं विंडोज १० जसंच्या तसं समोर. सोबत एक खिडकी: इन्स्टॉलेशन फसलं, आणि शून्य-एक्स-सी-१९००१०१ ने सुरू होणारा लांबलचक कोड. मी परत केलं. परत तेच. तोवर रात्रीचे साडेनऊ.

इथे एक सांगते. माझा कॉम्प्युटर बिघडलेला नव्हताच. फाइली जागेवर, फॉन्ट जागेवर, प्रिंटर चालू. नवीन विंडोज चढलं नाही आणि जुनं सुखरूप परत आलं, एवढंच झालं होतं. पण निळा पडदा दोनदा बघितल्यावर माणसाला हे सुचत नाही. त्यात सोमवारी कोपरीच्या एका ग्राहकाला पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं.

मोबाइलवर तो कोड आणि त्यापुढे 'हेल्पलाइन नंबर' असं टाकलं. सगळ्यात वर टोल फ्री वाटणारा नंबर. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. ते मी वाचलं नाही. आता वाचते.

फोन लगेच उचलला गेला, आणि खरं तर इथेच शंका यायला हवी होती. गॅस एजन्सीचा फोन तरी कधी पहिल्या रिंगला लागतो का? पलीकडचा आधी हिंदीत बोलत होता. मध्येच मी ह्यांना "अहो, जरा टीव्ही बारीक करा" म्हटलं, आणि त्याने सूर बदलला. "ताई, मराठीत बोलूया की. मी साताऱ्याकडचाच." त्या एका 'ताई'ने त्याचं निम्मं काम केलं. कोड वाचून दाखवल्यावर म्हणाला, "हा ड्रायव्हरचा एरर आहे, ताई." हेही खरंच होतं! ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला चालवता यावं म्हणून असलेला छोटा प्रोग्रॅम, आणि त्या कोडमागे बहुतेक वेळा एखादा न जुळणारा ड्रायव्हरच असतो. मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

मग त्याने दुरून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप उतरवायला लावलं. हे ॲप चोरांचं नसतं, ऑफिसांमधले आयटीवाले रोज वापरतात. त्यावर दिसणारा आकडा आपण वाचून दाखवायचा आणि परवानगीचं बटण दाबायचं, की पुढे माउस त्याच्या हातात. माझ्या पडद्यावर माझा बाण आपोआप हलायला लागला.

त्याने पहिल्यांदा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजमध्ये घडणाऱ्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची ती नोंदवही. त्यातल्या फक्त चुका आणि इशारे गाळून दाखवणारं एक पान असतं, ते त्याने लावलं. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, आणि वर एकूण आकडा हजाराच्या पुढे. "ताई, बघा किती इन्फेक्शन झालंय." माझ्या पोटात गोळा आला. नंतर भाच्याने त्याच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर तेच पान उघडून दाखवलं. तिथेही शेकडो लाल खुणा. एखादी सेवा, म्हणजे विंडोजच्या मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम, दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. तब्येत ठणठणीत असलेल्या कुठल्याही विंडोजवर हे पान असंच दिसतं. वाचणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर एकदा बघून ठेवावं, म्हणजे दुसऱ्याने दाखवल्यावर दचकायला होणार नाही.

मग आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. त्यात त्याने नेटस्टॅट असं टाइप केलं, कॉम्प्युटरच्या चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा. आकड्यांच्या ओळी पडायला लागल्या. वर एका रकान्याचं नाव 'फॉरिन ॲड्रेस'. "फॉरिन म्हणजे काय, ताई?" मी शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं, "परदेशी." "मग? हे सगळे बाहेरच्या देशातून तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेत. म्हणून विंडोज क्रॅश होतंय." तिथे फॉरिनचा अर्थ फक्त 'पलीकडच्या टोकाचा पत्ता' एवढाच असतो. त्या यादीत माझी उघडी असलेली ईमेल होती. शिवाय तो स्वतः ज्या जोडणीतून माझा माउस हलवत होता, ती जोडणीही त्याच यादीत असणार. म्हणजे चोर मला चोराकडेच बोट दाखवत होता. हे आठवलं की अजून हसू येतं आणि लगेच जातंही.

शेवटी सेवांची यादी काढली, त्यात पुष्कळ ठिकाणी 'बंद' लिहिलेलं. गरज लागेल तेव्हाच चालू होणाऱ्या सेवा एरवी बंदच असतात. त्याने सांगितलं, व्हायरसने बंद पाडल्यात.

तीन वर्षांचा 'ड्रायव्हर सुरक्षा प्लॅन', ६,४९९ रुपये. यूपीआयने भरताना नाव आलं ते कुठल्या तरी ट्रेडर्सचं. मी विचारलं. "आमचे पेमेंट पार्टनर आहेत, ताई." भरले. रात्री बारापर्यंत तो काहीतरी उघडत-मिटत राहिला, मग विंडोज ११ पुन्हा लावलं आणि ते पुन्हा आपटलं. "उद्या सीनियर बघतील. ॲप काढू नका."

रविवारी सकाळी अकराला फोन. तोच आवाज, जरा पडलेला. "ताई, तुमच्या मशीनवर होणार नाही म्हणतायत सीनियर. मला वाईट वाटतंय, तुमचे पैसे पूर्ण परत करतो." माझा उरलासुरला संशय इथे गेला. पैसे परत देणारा माणूस चोर कसा असेल? त्याने कॉम्प्युटरवर परताव्याचा फॉर्म उघडला, आणि पैसे आले की नाही ते बघायला नेट बँकिंग उघडायला सांगितलं. फोनवरही तेच ॲप टाकायला लावलं, 'रिफंडचा मेसेज व्हेरिफाय करायला'. फोनचा पडदा दिसतो त्याला त्यावर आलेला ओटीपीही दिसतो. आपण तोंडाने सांगायची गरज उरत नाही. लोक मला म्हणतात, ओटीपी कशाला दिलास? मी दिला नाही. तो त्याने वाचला.

मी पासवर्ड टाकला आणि पडदा काळा झाला. "सर्व्हर लोड घेतोय, दोन मिनिटं." ही त्या ॲपचीच सोय आहे, दुरून काम करणारा इकडचा पडदा झाकू शकतो. ह्यांनी आतून डोकावून विचारलं, "काळं का झालंय ते?" मी हात करून गप्प केलं. पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा गप्प केलं. तेवढ्यात फोनवर मेसेज झळकला: खात्यातून ४९,५०० रुपये वजा. मी काही बोलायच्या आत ह्यांनी जाऊन राउटरची पिनच उपटली. मी फोनचं नेट बंद केलं. तोवर त्याने दुसऱ्यांदा पैसे पाठवायचा प्रयत्न केला होता, पण नवीन जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी किती पाठवता येतील याला बँकेची मर्यादा असते, तिथे तो अडकला. त्याने फोन ठेवताना शिव्या दिल्या. मराठीत.

पुढची चाळीस मिनिटं मी वाया घालवली. आधी रडले, मग त्याच नंबरवर परत फोन लावत बसले, का ते मलाही माहीत नाही. शेवटी ह्यांनी १९३० लावला. सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे तो. तिथे विचारतात ते हाताशी ठेवा: कुठल्या खात्यातून गेले, किती, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय. त्या क्रमांकावरून पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवायला सांगतात, आणि तिथून ते पुढच्या खात्यात, मग त्याच्या पुढच्या खात्यात सरकलेले असतात. म्हणून चाळीस मिनिटं फार असतात. माझे १८,२०० सापडले, गोठले. बाकीचे निघून गेले होते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार लिहिली, सायबर पोलिसांकडे जबाब दिला. तिथले हवालदार लिहून घेताना एकदाही हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

सोमवारी बँकेत मी तावातावाने रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचं बोलायला गेले. ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही, असं त्यात होतं. शाखेतल्या मॅडमनी शांतपणे त्याच परिपत्रकातली दुसरी बाजू दाखवली: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. दुरून चालवायचं ॲप मीच टाकलं होतं, पासवर्ड मीच टाइप केला होता.

त्याआधी रविवारी संध्याकाळीच भाचा आला होता. आल्या आल्या म्हणाला, "मावशी, हा कॉम्प्युटर आता नेटला लावायचा नाही." बँकेचे, ईमेलचे पासवर्ड त्याच्या लॅपटॉपवरून बदलले. माझा फोन रिसेट केला. माझ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या. मग पुसून टाकण्याआधी त्याला कुतूहल म्हणून बघायचं होतं की मुळात क्रॅश कशाने होत होतं. विंडोजचं इन्स्टॉलेशन फसलं की ते स्वतःच कारणांच्या नोंदी मागे ठेवतं, पँथर नावाच्या फोल्डरमध्ये, आणि त्या वाचून निदान सांगणारं मायक्रोसॉफ्टचं छोटं साधनही आहे, सेटअपडायग. फुकट. पाच मिनिटांत त्याने एका ड्रायव्हरच्या फाइलचं नाव काढलं. मला ते नाव ओळखीचं वाटेना. त्याने खाली वाकून कॅबिनेटच्या मागे बोट दाखवलं.

डाँगल. त्याचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर. नवीन विंडोज पहिल्यांदा उठताना तो सोबत उठायला बघत होता आणि सगळं घेऊन कोसळत होता. अपग्रेडच्या आधी कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सगळं काढून ठेवा, हे मायक्रोसॉफ्टच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं. दुसऱ्याचा अँटिव्हायरस काढा, डिस्कवर जागा करा, हेही. आमच्या बाबतीत नुसता डाँगल उपटून भागलं नसतं, जुना ड्रायव्हरही काढावा लागला असता. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम.

पण परक्या माणसाचा हात फिरलेल्या विंडोजवर अपग्रेड करायला तो तयार नव्हता. स्वतःच्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून त्याने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ उतरवून आणलं होतं. सगळं पुसून कोरं टाकलं. तासाभरात झालं, एकदाही निळा पडदा नाही. ॲक्टिव्हेशनचे पैसेही लागले नाहीत, परवाना त्या मशीनशीच जोडलेला होता. त्या माणसाने मला "विंडोजची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, नवीन घ्यावा लागेल" असंही सांगून ठेवलं होतं. ते पैसे मागायची वेळ आली नाही एवढंच. फॉन्टच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सोमवारी फोन केला, त्यांनी डाँगलचा नवा ड्रायव्हर ईमेलने पाठवला. त्याचेही पैसे नाहीत. कोपरीची पत्रिका मंगळवारी दिली.

पंधरा दिवसांनी दुपारी एक फोन आला. या वेळी बाई होती. माझं नाव, गेलेली रक्कम, अगदी ५५,९९९ चा आकडाही तिला तोंडपाठ. "तुमची फाइल आमच्याकडे रिकव्हरीला आलीय, ताई. फक्त १,९९९ प्रोसेसिंग भरा." एवढी अचूक माहिती पोलिसांकडे असते, बँकेकडे असते. आणि ज्याने पैसे नेले त्याच्याकडे असते. मी तिला म्हटलं, जरा थांबा हं, गॅस बंद करून येते. फोन टेबलावर ठेवला आणि ह्यांच्या फोनवरून सरकारच्या संचार साथी साइटवर गेले. तिथे 'चक्षू' म्हणून सोय आहे, संशयित फोन कळवायची. तिचा नंबर, तारीख, वेळ भरली. मग परत फोन कानाला लावला. ती अजून लाइनवर होती. "हां ताई, बोला," म्हणाली.

ठेवून दिला. १८,२०० अजून गोठलेलेच आहेत.