लेकीचा मेडिकल फाउंडेशन क्लास: नऊ महिन्यांनंतर, आणि त्या स्टेथोस्कोपबद्दल

पुढच्या वर्षाची फी भरायचा मेसेज आलाय, म्हणून लिहायला बसले. नववीच्या मुलांसाठी दर रविवारी दोन तास, विषय कोणते, बॅच केवढी, हे सगळं पत्रकात असतंच. फी २६,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३०,६८०. किटचे १,८०० वेगळे. मी ब्लाउज शिवते. एवढ्या पैशाला किती शिलाई लागते, ते मला पाठ आहे.

किटमध्ये एप्रन, हातमोजे आणि स्टेथोस्कोप. माझा सगळा राग त्या स्टेथोस्कोपवर. पहिल्याच रविवारी लेकीनं घरी आल्या आल्या तो आज्जीच्या छातीला लावला. काही ऐकू येईना. स्वतःला लावला, मला लावला, तरी नाही. दोन महिने असेच गेले. एका रात्री जेवताना म्हणाली, "आई, डॉक्टर व्हायला कान चांगले लागत असतील ना गं?" पोटात कालवलं माझ्या. क्लासला दोनदा फोन केला. "किट बदलून मिळत नाही," एवढंच उत्तर. तिसऱ्यांदा हातातलं काम टाकून स्वतः गेले, तर काउंटरवर पावतीमागची अट वाचून दाखवली. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर एकही बरा शब्द आला नसता.

मिरज हे दवाखान्यांचं गाव, आमच्या गल्लीतच दोन नर्स राहतात. त्यातल्या एक सिस्टर गणपतीत आरतीला आल्या होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, चकतीवर नखानं हलकेच टकटक केलं आणि चकती नळीवर अर्धा वळसा फिरवली. टक असा आवाज झाला. "अगं, दुसरी बाजू चालू होती." दोन बाजूंचा स्टेथोस्कोप असला की एका वेळी एकच बाजू कानापर्यंत पोचते. हवी ती फिरवून घ्यायची, नखानं वाजवून खात्री करायची, आणि कानात घालायची टोकं नाकाच्या दिशेला ठेवायची. लेक धावत आज्जीकडे गेली. डोळे मिटून ऐकत राहिली आणि मग ओरडली, "आई, दोन आवाज आहेत! लब आणि डब, वेगवेगळे!"

म्हणजे वस्तू खराब नव्हती. मी ज्यासाठी भांडले ते चूक होतं, हे इथं स्पष्ट लिहिते. पण मग राग आणखी वाढला. २८ मुलांच्या हातात किट दिलं आणि ते कसं धरायचं हे एकाही मुलाला जवळ बसून दाखवलं नाही. तो तास पडद्यावर चित्रं दाखवून उरकला होता. पुढच्या रविवारी लेकीनं वर्गात विचारलं, तर आणखी नऊ जणांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या नऊ मुलांनीही स्वतःच्या कानांनाच दोष दिला असेल. तिनं सगळ्यांच्या चकत्या फिरवून दिल्या.

मी संचालकांना सविस्तर पत्र दिलं. ते त्यांनी मनावर घेतलं आणि ऑक्टोबरपासून एक निवृत्त सिस्टर शिकवायला आणल्या, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तिथून क्लास खरा सुरू झाला. बकऱ्याचं काळीज नव्हे, हृदय, मटणाच्या दुकानातून आणून प्रत्येक गटाला दिलं. लेकीनं घरी येऊन माझ्या कातरकामाच्या टेबलावर बोटानं आखून दाखवलं: डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड, कारण त्याला अख्ख्या अंगाला रक्त ढकलायचं असतं, आणि झडपांना धरून ठेवणारे पांढरे तंतू, "आई, तुझ्या दोऱ्यासारखेच." झडपा मिटतात तोच लब आणि डब, हे तिला पुस्तकाशिवाय कळलं.

बीपीचं तसंच. पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवायचा, पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा जास्त आकडा दाखवतो. आता आज्जीचं बीपी घेताना मला गप्प बसवतात. आणि नर्सिंगबद्दल पहिल्यांदा कुणी नीट बोललं: जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची, कामाच्या पाळ्या कशा असतात. तोवर सगळं एमबीबीएस आणि त्याच्या 'नीट' या प्रवेश परीक्षेचे ७२० गुण एवढ्यावरच फिरत होतं.

सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायची ती रीत शिकायला, पुतळा एकच, दोन मिनिटंसुद्धा वाट्याला आली नाहीत. जानेवारीपासून पुन्हा 'नीट'सारखे १८० प्रश्नांचे पेपर सुरू झालेत. नववीच्या पोराला हे कशाला?

फी भरायची का? मी कळवलंय: सिस्टरांचे रविवार वेळापत्रकात लेखी द्या, त्याच दिवशी भरते. किट मात्र घेणार नाही. स्टेथोस्कोप चांगला चालतोय, कानाची रबरं तेवढी बदलून आणलीत.