फुजी, किनाबालू की किलिमांजारो? मुलासोबतचा पहिला मोठा डोंगर निवडताना

किलिमांजारोच्या माथ्यावर जायला किमान १० वर्षं वय लागतं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचाच तसा नियम आहे. माझ्या मुलाने हे वय गेल्या वर्षी ओलांडलं आणि माझी पंचाईत झाली. "तो जरा मोठा झाला की जाऊ," असं मी वर्षानुवर्षं बिनधास्त म्हणत आले होते. आता तो मोठा झाला. मग पहिल्यांदाच वही-पेन घेऊन बसले, आणि बसल्यावर कळलं की नुसतं "कधी" एवढंच ठरवायचं नाहीये. थेट आफ्रिकेतला किलिमांजारो गाठायचा, की आधी जपानचा फुजी किंवा मलेशियातला किनाबालू करून मुलाला (आणि स्वतःला) जोखायचं?

या तिघांचीच नावं पुन्हा पुन्हा समोर येतात, कारण तिन्ही डोंगर नेहमीच्या वाटेने आणि योग्य हंगामात चालत चढता येतात. बर्फात चालण्याचं, दोराला लटकण्याचं कसब लागत नाही. दम, थंडी आणि विरळ हवा, एवढ्यांशीच गाठ आहे.

उंचीपेक्षा मुक्काम पाहा

फुजी ३७७६ मीटर, किनाबालू ४०९५, किलिमांजारो ५८९५. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण मुलाला घेऊन जाताना जास्त कामाचा आकडा वेगळाच आहे: रात्री झोपायचं किती उंचीवर, आणि आदल्या रात्रीपेक्षा ते किती वर?

२५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, धडधाकट माणसालाही. ३००० च्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. ही पट्टी लावली तर तिघांपैकी कोणीच नीट पास होत नाही. फुजीची योशिदा वाट सुमारे २३०० मीटरवरच्या 'पाचव्या टप्प्या'पासून सुरू होते. तिथवर बस जाते आणि त्याच रात्री झोपायचं ३००० ते ३४०० मीटरवरच्या झोपडीत. किनाबालूला सकाळी १८६६ मीटरवरच्या तिंपोहोन फाटकातून निघायचं आणि संध्याकाळी ३२७२ मीटरवर पानालाबानला टेकायचं. किलिमांजारोची मारांगू वाट तर मुक्काम लावते २७२०, ३७२० आणि ४७२० मीटरवर. रोज सरळ हजार मीटर.

मग फरक कुठे पडतो? फुजी आणि किनाबालूवर आपण उंचीवर असतो ते एक रात्र आणि काही तास. डोकं ठणकतं, मळमळतं, क्वचित उलटी होते. पण त्रास वाढायला लागला तर झटपट खालीही येता येतं. किलिमांजारोवर सलग तीन-चार रात्री ३५०० मीटरच्या वर काढायच्या असतात. तिथे शरीराला सवय लागलीच पाहिजे, आणि त्यासाठी दिवस मोजावे लागतात.

म्हणून किलिमांजारो ठरलाच तर पाच दिवसांची मारांगू मी मुलासाठी बादच करेन. तिला 'कोका-कोला वाट' म्हणतात, झोपायला पक्क्या झोपड्या आहेत, घरच्यांना त्यामुळे धीरही येतो. पण छपरापेक्षा दिवस महत्त्वाचे. सात दिवसांची मचामे किंवा आठ दिवसांची लेमोशो, तंबूत झोपावं लागलं तरी, कितीतरी बरी. मचामेवर तिसऱ्या दिवशी शिरा कॅम्पवरून (३८४० मीटर) लावा टॉवरपर्यंत, म्हणजे ४६०० च्या आसपास चढायचं, आणि झोपायला पुन्हा ४००० च्या खाली बारांकोला उतरायचं. "उतरायचंच होतं तर चढलो कशाला?" हा प्रश्न कुठलंही मूल विचारणार. पण शरीर विरळ हवेला सरावतं ते अशाच दिवसांनी.

मूल सांगत नाही

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ अडकले. विरळ हवेचा धोका मुलांना मोठ्यांपेक्षा फार जास्त असतो असं नाही. साधारण तेवढाच असतो. अडचण असते ती ओळखण्याची. अगदी लहान मूल नुसतं किरकिर करतं. दहा-बारा वर्षांचं मूल नेमकं सांगू शकतं, पण सांगेलच असं नाही. कारण त्याला ठाऊक असतं की ही सगळी धडपड आईची आहे, बाबांची आहे. आपल्या डोकेदुखीमुळे आईला परत फिरावं लागेल, हे ओझं घेऊन ते गुपचूप चालत राहतं. आपण कौतुकाने म्हणतो, "बघा, एकदा तरी कुरकुरला का?"

तेव्हा विचारत बसण्यापेक्षा पाहावं. आवडीचं खाणं बाजूला सारलं? बडबड्या पोरगा तासभर गप्प? बुटाची नाडी बांधायला नेहमीपेक्षा वेळ? सरळ रेषेत पावलापुढे पाऊल ठेवताना झोक जातोय? हे शेवटचं दिसलं तर पुढे बोलणंच नको. ती मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते, रात्र असो की पहाट, लगेच खाली. साध्या डोकेदुखीतही नियम सोपा: बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही, आणि वाढलं तर उतरायचं. आणखी एक गोष्ट पालक हमखास विसरतात: निघण्याच्या आधी सर्दी-खोकला झालेल्या मुलाला उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. शाळकरी मुलाला सर्दी कधी होईल, याचा काय नेम! उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचा विचार असेल तर तो उंचीवरचं ज्ञान असलेल्या बालरोगतज्ज्ञाशी बोलूनच. मोठ्यांची अर्धी गोळी तोडून देणं हा उपाय नाही.

माघारी फिरायला काय पडतं?

माझ्या वहीत शेवटी हाच रकाना सगळ्यांना भारी पडला.

फुजीवर २०२५ पासून चारही वाटांवर माणशी ४००० येन प्रवेश शुल्क आहे. त्यात झोपडीचं भाडं धरा. अर्ध्या वाटेवरून परतलात तर एवढंच बुडतं, आणि काही तासांत खाली बसथांब्यावर. प्रवासात एखादा दिवस हाताशी ठेवला असेल तर बाकीची सुट्टीही वाया जात नाही. किनाबालू मधला. गाईड सक्तीचा, वर झोपायच्या जागा मोजक्या, त्यामुळे नोंदणी महिनोन्‌महिने आधी करावी लागते. पावसाने दिवस बुडाला तर तारीख सरकवता येईल, या भरवशावर राहू नका.

किलिमांजारोवर गाईड सक्तीचा, त्यात पोर्टर, स्वयंपाकी, तंबू, उद्यानाचं रोजचं शुल्क, दोघांचं विमानभाडं आणि आठ-दहा दिवसांची रजा. मधूनच परतलं म्हणून यातलं काहीही परत मिळेल असं धरून चालू नका. आता कल्पना करा: रात्रीचे दोन, उंची ५३०० मीटर, अंधार, वारा, आणि मूल म्हणतं, "पोटात कसंतरी होतंय." डोक्यात कुठेतरी तो सगळा हिशेब असतोच. "अजून अर्धा तास बघू" हे शब्द तिथे फार सहज तोंडातून निघतात. मला डोंगराची भीती वाटत नाही, त्या अर्ध्या तासाची वाटते.

त्यामुळे सहल ठरवणाऱ्या कंपनीला जेवणात काय देता हे नंतर विचारा. आधी विचारा: माथ्याच्या रात्री मूल माघारी वळलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार? गाईड किती? एक पालक आणि एक मूल असेल तर माझ्या मते उत्तर एकच, दोघंही खाली. आई-बाबा दोघं जात असतील तर कोण वळणार ते घरीच ठरवून टाका. वर गेल्यावर डोकं तेवढं शाबूत नसतं.

तीन पहाटा

फुजीची पहाट गर्दीची. झोपडीतून एक-दोनच्या सुमारास निघायचं, हेडटॉर्चच्या रांगेत उभं राहत-चालत सूर्योदयाआधी माथा. ऑगस्टमध्येही पहाटे बोचरी थंडी असते, वारा असेल तर दात वाजतात. रांगेचा वेग मुलाला सोसवतो, थांबून थांबून गारठणं सोसवत नाही. तेव्हा वरचं जॅकेट सॅकच्या तळाशी नको.

किनाबालूची पहाट कातळाची. सुमारे ८०० मीटर चढ, त्यात ग्रॅनाइटचे उघडे उतार आणि हाताला दोर. सयात-सयातच्या चौकीवर (३६६८ मीटर) वेळेत पोचला नाहीत तर पुढे सोडत नाहीत, आणि हे चांगलंच आहे. निर्णय तुमच्या हातात उरत नाही. मग त्याच दिवशी फाटकापर्यंत २२०० मीटर उतार. मुलं उड्या मारत उतरतात, गुडघे तुमचे वाजतात. ५ जून २०१५ ला इथे भूकंपाने दरडी कोसळून १८ जण गेले, त्यात सिंगापूरहून शाळेच्या सहलीला आलेली मुलं होती. असा धोका कुठल्याच तक्त्यात मोजता येत नाही, पण निवड करताना तो ठाऊक असावा.

किलिमांजारोची पहाट मात्र रात्रीच सुरू होते. मचामे किंवा लेमोशोने गेलात तर मध्यरात्रीच्या आसपास बाराफूहून (४६७३ मीटर) निघून सहा-सात तासांत १२०० मीटर चढायचं. स्टेला पॉइंट, म्हणजे विवराची कड, ५७५६ मीटरवर, तिथून पुढे उहुरू, म्हणजे खरा माथा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास, तापमान शून्याखाली दहा-पंधरा सहज. मुलाचं शरीर वजनाच्या मानाने उष्णता लवकर गमावतं. त्यात गाईड सतत 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, म्हणत पावलं मोजायला लावतात. चाल बरोबर असते, पण त्या चालीने मूल तापत नाही. आणि माथ्यावर पोचून सुटका नाही: त्याच दिवशी ३१०० मीटरच्या आसपास म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचं. बारा-चौदा तास पायांवर. दहा वर्षांची अट हा नियम झाला. तेवढ्याने मूल तयार आहे असं होत नाही.

मग किलिमांजारोत आहे काय?

सात दिवस आहेत. बाकी दोघांकडे ते नाहीत.

पहिल्या दिवशी घनदाट पावसाळी जंगल आणि फांद्यांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं. मग झुडपी माळ, मग जाडजूड बुंध्याची, पानांचे झुबके डोक्यावर घेतलेली सेनेसिओची झाडं, मग राखाडी वाळवंट, शेवटी बर्फ. बारांकोच्या भिंतीवर हातापायांनी चढायचं असतं. तिथे मुलं खूश आणि पालक घामाघूम, असाच अनुभव बहुतेक जण सांगतात. अशा वाटेवर मुलाशी ज्या गप्पा होतील, त्या एका रात्रीत उरकणाऱ्या डोंगरावर होणार नाहीत.

त्या मानाने फुजीची वाट रुक्ष. लाव्हा, राख, पुन्हा लाव्हा. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपल्याकडची असली तरी फुजीला चपखल बसते. उतरताना तर निव्वळ घसारा, घोट्यापर्यंत पाय रुततो. खडे बुटात जाऊ नयेत म्हणून गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावर बांधायची कापडी आवरणं, हवीतच. एक सावधगिरी: योशिदा आणि सुबाशिरी या वाटा वर आठव्या टप्प्यापाशी एकत्र येतात, आणि उतरताना तिथे चुकून दुसऱ्याच वाटेला लागलेले लोक डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरतात. योशिदाच्या पाट्या पिवळ्या, सुबाशिरीच्या लाल. पाट्या वाचायचं काम मुलाकडेच द्या, ते चुकत नाही. हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून १० सप्टेंबरपर्यंत, आणि २०२५ पासून झोपडीची नोंदणी नसेल तर दुपारी दोननंतर योशिदाच्या फाटकातून सोडत नाहीत. रात्रभर न झोपता एका दमात चढण्याच्या वेडावरचा हा उपाय. मुलासोबत तर तो विचारही नको.

थांबलं तर काय हरवतं?

बर्फ हरवतो. १९१२ ते २००७ या काळात किलिमांजारोवरचा सुमारे ८५ टक्के बर्फ गेला. मी लहानपणी फोटोत पाहिलेली पांढरी टोपी आता टोपी राहिलेली नाही, ठिगळं उरली आहेत. हे कारण खरं आहे, पण ते माझं आहे, मुलाचं नाही. त्याच्यासाठी ती ठिगळंही नवलाचीच असतील.

लहान वयाचा विक्रम हेही कारण कोणी देतं. २०१० साली जॉर्डन रोमेरो १३ व्या वर्षी वडिलांसोबत तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोचला. पोचला, सुखरूप आला, आनंद आहे. नेपाळच्या बाजूने १६ पूर्ण झाल्याशिवाय परवानाच मिळत नाही, आणि तो नियम मला जास्त पटतो.

माझा हिशेब असा लागला. मूल दहा-बाराचं असेल आणि २५०० मीटरच्या वर कधी झोपलं नसेल, तर आधी फुजी, शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी, पाचव्या टप्प्यावर दोन-तीन तास रेंगाळून मगच वर. कातळाची आवड असलेल्या, उतारावर न घाबरणाऱ्या मुलासाठी किनाबालू. तेरा-चौदाच्या पुढे, आधीचा एखादा उंच डोंगर झाल्यावर आणि "मला नाही जमत" हे तोंडावर सांगायला शिकलेल्या मुलासोबत किलिमांजारो, लेमोशोने, आठ दिवस.

हे सगळं मी मुलाला वाचून दाखवलं. तो नाराज होईल असं वाटलं होतं. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे किलिमांजारोला तू एकोणपन्नास."

"हो."

"आणि रात्री तुलाच त्रास झाला तर? तू सांगशील मला?"

वहीत तो रकाना नव्हता. आता आखलाय, पण अजून रिकामाच आहे.