खारघरची सीट की आंधळगावचा माग?

बारावी झालेल्या माझ्या भाचीला डिझायनर व्हायचंय. वाटा दोन. नवी मुंबईत खारघरच्या निफ्टमध्ये, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, चार वर्षांचं बी.डेस. (डिझाईनची पदवी), नाहीतर भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाची साडी, विणायला शिकून स्वतःचं कपड्यांचं लेबल.

निफ्टच्या प्रवेशात चित्रांसोबत हातानं वस्तू करून दाखवावी लागते. त्यात खेड्यातली पोरं मागे नसतात. पॅटर्न कटिंग, इंटर्नशिप, ओळखी, सगळं मिळतं. फी मात्र लाखांत.

मागाची गोष्टच न्यारी. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या किड्यांचा कोसा (टसर रेशीम), रंग मधासारखा. काठ आणि अंग वेगळ्या रंगांचं, म्हणून आडवा धागा नेणारे धोटे तीन. दर फेरीला दोन्ही रंगांचे धागे एकमेकांत अडकवायचे, तेव्हा कुठं करवतीचे दात उठतात. एक दात चुकला की तेवढं उकला. हे वहीत लिहून हातात उतरत नाही. पण विणकराच्या पदरात पडतं थोडंच. आणि लेबल काढलं की फोटो, किंमत, गिऱ्हाईक सारं आपल्याच डोक्यावर.

मी म्हणतो, सहा महिने माग, मग परीक्षा. बहीण म्हणते, "भाऊ, पोरीला पयले मुंबई तं पाहू दे!"