नादारीचा अर्ज की एकरकमी तडजोड?

कर्ज आता कमाईतून फिटणार नाही, हे ज्याला पुरतं उमगलंय त्याच्यासाठी लिहितोय. नवं कर्ज काढून जुनं भागवायचा मार्ग मी धरतच नाही. मग उरतात दोन वाटा: न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज, नाहीतर घेणेकऱ्यांशी एकरकमी तडजोड. सांगलीत ठिबकचं दुकान चालवताना बागायतदारांकडची उधारी अडकली, तेव्हा मी दोन्हींची नीट चौकशी केली आणि तडजोड केली. तरी नादारीबद्दल आधी सांगतो, कारण लोक घाबरतात तितकी ती वाईट नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे, पण तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. आपल्यासारख्यांना अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा. जुना असला तरी त्यात आधार आहे. न्यायालयाने नादार ठरवलं की बिनतारणी घेणेकऱ्यांना परवानगीशिवाय वेगळा दावा लावता येत नाही. मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. मात्र अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर आणि औतं-बैलं त्यातून वगळलेली आहेत. ज्या घराच्या दारात रोज वसुलीवाला उभा राहतो, तिथे हा विसावा फार मोठा असतो.

गहाण दुकानाचं म्हणाल तर फरक नाही. तारण असलेला घेणेकरी नादारीतही तारण विकू शकतो. दोन वर्षांच्या आतलं नातलगाच्या नावचं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, हेही धरून चला. आणि बिनतारणी देण्यापैकी रुपयाला आठ आणेही मालमत्तेतून निघत नसतील, तर ही वेळ आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी आली हे न्यायालयाला पटवावं लागतं. नाहीतर देण्यातून पूर्ण मुक्ती मिळत नाही. अवकाळीने बागा गेल्या आणि त्यात उधारी बुडाली, हे मला बहुधा पटवता आलं असतं.

मला अडवलं याच नादारी कायद्याच्या कलम ४४ ने. तुम्हाला मुक्ती मिळाली तरी तुमचा जामीनदार सुटत नाही.

आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज म्हटलं की दोन जामीनदार आलेच. माझे एक जामीनदार मेहुणे, हायस्कूलला शिक्षक. दुसरे शेजारचे दुकानदार. पतसंस्थेला दिवाणी दाव्याच्या भानगडीत पडावंही लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेतला की वसुली अधिकारी जप्तीला मोकळा, आणि दाखल्यावर नावं तिघांचीही. मी अर्जाचा विषय काढला तेव्हा वसुलीच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "तुम्ही खुशाल अर्ज करा, आम्ही सरांच्या पगारातनं घेतो." तो काही चुकीचं बोलत नव्हता. न्यायालयाचं संरक्षण मला मिळणार आणि माझं देणं बहिणीच्या घरातून वसूल होणार! त्यांनी सही केली ती माझ्याकडे बघून. इथेच माझा निर्णय झाला. दुसऱ्याचं गणित वेगळं असू शकतं, हे मान्य.

तडजोड स्वस्त पडली असं म्हणणार नाही. कुपवाडचा प्लॉट विकावा लागला. व्याजात बरीच सूट मिळाली, मुद्दल जवळजवळ सगळं भरलं. सिबिलवर 'सेटल्ड' हा शेरा आहे, त्यामुळे बँका दारात उभं करत नाहीत. माल रोखीने भरतो. धंदा लहान झालाय. पण मेहुण्यांच्या पगाराला हात लागला नाही आणि दिवाळीला मी बहिणीकडे जाऊ शकतो.

जामीनदारच नाहीत, सगळी देणी क्रेडिट कार्डाची किंवा बिनतारणी वैयक्तिक कर्जाची आहेत आणि विकायला काहीच उरलेलं नाही, अशा माणसाने मात्र वकिलाशी बोलून नादारीचा विचार जरूर करावा. तिथे तडजोडीसाठी रक्कम आणणार कुठून? बिगरपरवाना सावकाराचं देणं असेल, तर दोन्ही वाटांच्या आधी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. सावकारीपोटी लिहून दिलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल, तर ती परत मिळवायची तरतूद त्यात आहे.

तडजोड करणार असाल, तर पैसे भरण्याआधी मंजुरीचं पत्र हातात घ्या आणि त्यात रक्कम, मुदत व दोन्ही जामीनदारांची नावं आहेत का ते बघा. 'कर्जदार व जामीनदार यांच्याकडे काहीही येणे नाही' हे वाक्य बेबाकी दाखल्यावर आलं पाहिजे. तो दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या, आणि दाखल्याची एकेक प्रत जामीनदारांच्या घरी स्वतः नेऊन द्या.