छोट्या गाडीमागचा टियरड्रॉप: हलक्या टंगची फसवणूक

विकणारा टियरड्रॉपचं, म्हणजे झोपायची केबिन आणि मागे किचन असलेल्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचं, पुढचं टोक (त्याला टंग म्हणतात) एका हाताने उचलून दाखवतो. "बघा, किती हलका आहे! तुमची छोटी गाडी सहज ओढेल." समोरचा माणूसही उचलून बघतो, खरंच उचलली जाते, आणि सौदा तिथेच ठरतो. कॅलिफोर्नियात बे एरियातल्या एका मराठी कुटुंबाने याच प्रात्यक्षिकावर भाळून सहा हजार डॉलरच्या आसपास मोजले. जाहिरातीत 'वजन फक्त १,१५० पौंड, कुठलीही छोटी गाडी चालेल' असं होतं. त्यांच्या छोट्या क्रॉसओव्हरच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरची मर्यादा १,५०० पौंड आणि टंगवरच्या वजनाची मर्यादा १५० पौंड. कागदावर सगळं बसत होतं.

शहरात ट्रेलर गुपचूप मागे येत होता. हायवे १५२ वर पाचेको पासच्या उताराला शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. कोणाला लागलं नाही हे नशीब. गाडी कडेला घेतली, आणि मग हळूहळू काय विकलं गेलंय ते बाहेर आलं.

हलकी टंग ही ट्रेलरची चांगली बाजू नव्हे, तोच खरा धोका. अमेरिकेत एका ॲक्सलच्या ट्रेलरसाठी नियम असा: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन टंगवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर (बॉलवर), पडायला हवं. ते कमी झालं की वजनाचा मध्य ॲक्सलकडे किंवा त्याच्याही मागे सरकतो, आणि वेग वाढला की ट्रेलर आपोआप सरळ व्हायच्या ऐवजी झोके वाढवत नेतो. ताशी ४० मैलांना काहीच कळत नाही. म्हणूनच विकणारा गल्लीत चक्कर मारायला आनंदाने परवानगी देतो आणि फ्रीवेवर न्यायचं म्हटलं की त्याला घाई असते.

या ट्रेलरची टंग मुळात हलकी नव्हतीच, ती हलकी करण्यात आली होती. कारखान्यातून आला तेव्हा बॅटरी आणि स्पेअर चाक दोन्ही पुढे टंगच्या लोखंडी फ्रेमवर होतं. ते काढून बॅटरी मागच्या किचनखाली आणि चाक मागच्या दारावर नेलं होतं. हिशोब करून बघा. बॉलपासून ॲक्सल ९ फुटांवर. पेटीसकट बॅटरी ५५ पौंड आणि चाक ४० पौंड, मिळून ९५. आधी ते ॲक्सलच्या पुढे ६ फुटांवर होतं, आता मागे ४ फुटांवर, म्हणजे १० फूट सरकलं. ९५ गुणिले १०, भागिले ९: टंगवरचं वजन सुमारे १०५ पौंडांनी उतरलं. एवढ्यात दोन हातांचं ओझं एका हाताचं होतं.

खुणा मात्र राहतात. टंगच्या फ्रेमवर बॅटरीच्या ट्रेची चार भोकं होती, पुट्टीने बुजवून वरून काळा स्प्रे मारलेला. बाकीचा रंग उन्हाने करडा पडलेला आणि तेवढाच चौकोन चकचकीत. शेजारी कारखान्याच्या वायरचं कापलेलं टोक टेपमध्ये गुंडाळलेलं, आणि तिथून मागे गेलेली नवीकोरी लाल-काळी केबल. टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसलं की दोन मिनिटांत दिसणारी गोष्ट आहे. मागे स्पेअर चाक लटकतंय आणि पुढची फ्रेम मोकळी आहे असं दिसलं की थेट विचारा: हे इथे कधी आणलं आणि का?

आता वजनाकडे. जाहिरातीतले १,१५० पौंड खोटे नव्हते, ते कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचं 'ड्राय वेट' होतं. त्यात बॅटरी ५५, चाक ४०, भरलेला छोटा प्रोपेन सिलिंडर ३७ आणि २० गॅलन पाण्याचे १६७ पौंड मिळवा. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं. गाद्या, खुर्च्या, कूलर, भांडी काटकसरीने धरली तरी १६० पौंड. झाले १,६०९. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, वजन केलं तेव्हा आकडा जवळपास तोच आला, आणि टंगवर फक्त ८० पौंड, म्हणजे ५ टक्के. पाण्याची टाकीही ॲक्सलच्या मागे, त्यामुळे ती भरली की टंग आणखी हलकी.

मग बॅटरी आणि चाक पुढे आणून काम भागेल का? टंगवर १८५ पौंड येतात. ट्रेलरच्या दृष्टीने ते अगदी योग्य, साडेअकरा टक्के. पण गाडीची मर्यादा १५० आहे, आणि एकूण वजनही १,५०० च्या वर. म्हणजे हा ट्रेलर त्या गाडीमागे कुठल्याच मांडणीत बसत नव्हता, आणि तो बसतो असं दिसावं म्हणूनच सामान मागे हलवलं गेलं होतं. १५० पौंडांच्या टंग-मर्यादेला भरलेला ट्रेलर १,१०० ते १,२०० पौंडांचाच शोभतो. ड्राय वेट ८०० च्या पुढे गेलं की अशा गाडीच्या मालकाने नाद सोडावा.

आणखी एक थाप हिचची, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीखाली लावतात त्या लोखंडी जोडाची. 'गाडीला क्लास वन हिच लावून घ्या, ती २,००० पौंड घेते.' हिच घेते, गाडी घेत नाही. गाडी, हिच, बॉल आणि कपलर (टंगच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) यांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तो पाळायचा. होंडा सिव्हिकच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये तर ट्रेलर ओढण्यासाठी ही गाडी नाही असंच लिहिलेलं आहे. खाली हिच जोडून मिळते म्हणून ते बदलत नाही. 'युरोपात असल्याच गाड्या कॅराव्हॅन ओढतात' हेही ऐकवलं जातं. ओढतात. पण तिथे टंगवर कमी वजन ठेवतात आणि वेगही कमी असतो, जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. कॅलिफोर्नियातही ट्रेलर मागे असताना ५५ मैलांचीच मर्यादा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिवाय इथे १,५०० पौंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या कॅम्प ट्रेलरला निदान दोन चाकांवर ब्रेक लागतात. त्या ट्रेलरला ब्रेकच नव्हते.

जाहिरातीतला आकडा सोडा, ट्रेलरवरचं लेबल वाचा. डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात कारखान्याचं लेबल असावंच लागतं: जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे जास्तीत जास्त भरलेलं वजन, ॲक्सलची क्षमता, टायरचा आकार, बनल्याचा महिना-वर्ष आणि १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे ट्रेलरचा ओळख क्रमांक. इथे ते लेबल खरवडलेलं होतं, 'पॉलिश करताना निघालं' म्हणे. लेबल नसेल तर तिथूनच परत फिरावं. व्हीआयएन फ्रेमवर, लेबलवर आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) एकच हवा. टायटलवर 'युटिलिटी ट्रेलर' आणि समोर झोपायची केबिन असेल, तर कोणीतरी सामानाच्या स्वस्त फ्रेमवर घर चढवलं आहे. एनआयसीबी या विमा-गुन्हे शोधणाऱ्या संस्थेच्या साइटवर व्हीआयएन फुकट तपासता येतो, चोरीची नोंद असेल तर तिथे कळू शकते. टायटलवर विकणाऱ्याचं नाव नसून 'मित्राचं' असेल, तर तो मित्र हजर होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत. न बघता झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेवर ॲडव्हान्स मागणाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको, तिथे बहुधा ट्रेलरच नसतो.

टायर काळेभोर चमकत होते, नक्षीही भरपूर. ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, वयाने मरतात. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, बदलावे. टायरवर 'DOT' ने सुरू होणाऱ्या कोडमधले शेवटचे चार आकडे बघा: ३४१५ म्हणजे २०१५ सालचा ३४ वा आठवडा. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असणं पुरतं, त्यामुळे ती बाजू आत वळवून चाक बसवलं की बाहेरून वय दिसत नाही. खाली वाकून आतली बाजू वाचायची.

बेअरिंगमध्ये असाच वरवरचा मेकअप असतो. टोपीत ताजं ग्रीस भरलेलं असतं आणि आत कोरडं. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, मग फिरवून कान द्या. खरखर आली किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस ओघळलेलं दिसलं, तर सील गेलंय. वीसेक मिनिटं ओढल्यावर दोन्ही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) हात जवळ नेऊन बघा, एक दुसऱ्यापेक्षा बराच तापला असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय समजायचं.

बॉलचा आकार बॉलवर आणि कपलरवर कोरलेला असतो. दोन इंची कपलर १ पूर्णांक ७/८ इंचाच्या बॉलवरही बंद होतो, खटका नीट बसतो, आणि एखाद्या खड्ड्यात उडून सुटतो. जोडल्यावर टंगच्या जॅकने वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग सोबत उठला पाहिजे.

टंगचं वजन मोजायला बाथरूमचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांखाली अडसर, आणि काट्यावर लाकडी ठोकळे रचून कपलर गाडीच्या बॉलच्या उंचीवर. प्रवासाचं सामान आणि पाणी भरूनच मोजायचं, रिकाम्याला अर्थ नाही. विकणाऱ्याला कॅट स्केलवर चलायला सांगा, पंधरा-वीस डॉलरचं काम आहे. गाडीची पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. मग ट्रेलर सोडून गाडी एकटी तोला. जोडलेल्या गाडीच्या दोन पाटांची बेरीज वजा एकट्या गाडीचं वजन, हा टंगचा भार. तो तिसऱ्या पाटाच्या आकड्यात मिळवला की ट्रेलरचं एकूण वजन.

झोके सुरू झाले तर गाडीचा ब्रेक दाबू नये आणि वेग वाढवूनही सरळ करायला जाऊ नये. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. तक्रार केल्यावर या विकणाऱ्याने 'अँटी-स्वे बार' (झोके रोखणारा दांडा) वेगळे पैसे घेऊन लावून देतो म्हटलं. चुकीच्या भाराचं ते औषध नाही, झोके थोड्या जास्त वेगाला सुरू होतील इतकंच.

पैसे अडकले असतील तर कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स (छोट्या दाव्यांच्या) कोर्टात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, तिथे वकील उभा राहत नाही. पावतीवर 'ॲज इज' (जसं आहे तसं) लिहिलं असलं तरी जाणूनबुजून केलेली फसवणूक त्याने धुतली जात नाही. पुरावा म्हणून हातात लागतं ते असं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, 'तुमची गाडी चालेल' असं म्हटलेले मेसेज, कॅट स्केलच्या दोन्ही पावत्या, खरवडलेल्या लेबलचा आणि बुजवलेल्या भोकांचा जवळून काढलेला फोटो. जाहिरात विक्रीनंतर लगेच काढून टाकतात, म्हणून तो स्क्रीनशॉट ट्रेलर बघायला निघायच्या आधी.