जेल पोलीस भरतीची अकॅडमी, येरवड्याच्या पलीकडची: आधी गोळ्याचं वजन करून बघा

सहा महिने या अकॅडमीत काढलेत, 18 हजार फी भरली, मेसचे वेगळे. अकॅडमीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कुणाचा धंदा बुडवायचा नाहीये मला, पण जेल शिपाईची तयारी करायला गावाकडून पुण्यात येणाऱ्या मुलामुलींना कुठल्याही अकॅडमीत पैसे भरायच्या आधी काय बघायचं हे कळायलाच पाहिजे, म्हणून एवढं लांब लिहितेय.

मी सासवडजवळच्या गावातली. 2024 ला भरती निघाली तेव्हा राज्यात जेल शिपायाच्या 1800 जागा होत्या, त्यातल्या 513 पुण्याच्या. आप्पा म्हणाले, बघ बाई, घराजवळची नोकरी आहे, 21,700 बेसिक, सरकारी क्वार्टर, जा तू. चौघी मुली मिळून विश्रांतवाडीत रूम घेतली आणि पहाटे पाचला ग्राउंड चालू.

रनिंगचं आधी सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. मुलींना 800 मीटर असतं, 20 मार्क, 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण. मी आले तेव्हा साडेतीन मिनिटं लागायची आणि दुसऱ्या राउंडला पोटात कळ यायची. रनिंगच्या सरांनी पहिले तीन आठवडे घड्याळच लावू दिलं नाही, नुसतं हळू पळवलं, मग एक दिवस फास्ट एक दिवस स्लो, शेवटी शेवटी मी 2 मिनिटं 52 ला यायला लागले. अंधारात पळताना मुलींच्या बॅचसोबत एक मॅडम सतत असायच्या, हे आईवडिलांनी वाचावं म्हणून लिहितेय. 100 मीटरचं पण ठीक.

आता गोळाफेक. मुलींचा गोळा 4 किलोचा, मुलांचा 7.260 किलोचा, आणि मुलींनी 6 मीटर टाकला की 15 पैकी 15. अकॅडमीत मी 6 मीटर 10, 6 मीटर 20 असा टाकायचे. सर पाठ थोपटायचे, वहीत लिहायचे, मी घरी फोन करून सांगायचे की आई, गोळ्याचे पंधरा फिक्स धर. मग मैदानाच्या दिवशी रांगेत नंबर आला, गोळा उचलला आणि हातालाच कळलं की हा आपला गोळा नाही. मानेला टेकवला तर मनगट मागे जायला लागलं. तीन वेळा टाकला, सगळ्यात लांबचा 4 मीटर 90. मी लेखीला बसले, पण शेवटी कट ऑफ तीन मार्कांनी हुकला. तीन मार्क!

परत आल्यावर अकॅडमीतला गोळा पिशवीत घातला आणि खालच्या किराणा दुकानात घेऊन गेले. काकांनी कांद्याची पाटी बाजूला केली, इलेक्ट्रिक काट्यावर ठेवला. 3 किलो 150 ग्रॅम. काकांनी काढून परत ठेवला, परत तेवढंच. मला तिथंच रडायला आलं. साडेआठशे ग्रॅम कमी वजनाच्या गोळ्यावर सहा महिने माझा हात तयार झाला होता आणि एकाही सरांना एकदा काटा लावून बघावंसं वाटलं नाही. मी ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं तर आधी म्हणाले झिजला असेल. लोखंड काय सहा महिन्यात एवढं झिजतं का? दुसऱ्या मुलींना घेऊन गेले तेव्हा कुठं आठ दिवसांनी नवीन गोळा आला. फी परत मागितली, ती मिळाली नाही.

लेखीचं थोडक्यात, 100 मार्क, 90 मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, जीके. गणिताचे सर उत्तम, व्याकरण म्हणजे नुसत्या झेरॉक्स.

पण हे सगळं असूनही मी पूर्ण वाईट रिव्ह्यू देऊ शकत नाही आणि त्याचं कारण एकच, रविवारचे सुभेदार काका. जेलमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, रविवारी दोन तास येतात. बाकी सगळीकडे जेल शिपाई होण्यासाठी पळायला शिकवतात, जेल शिपाई म्हणजे करायचं काय हे कुणीच सांगत नाही. आमच्यातल्या अर्ध्या पोरांना वाटायचं पोलीसच आहे, फक्त आतला. काका पहिल्या रविवारी म्हणाले, बाहेरचा पोलीस माणूस पकडतो आणि कोर्टात देतो, तुम्ही त्याच माणसासोबत वर्षानुवर्षं रोज आठ तास काढणार आहात, मोबाईल गेटवर जमा करून, हातात काठी आणि किल्ल्या, बस.

एका रविवारी त्यांनी आम्हाला ग्राउंडवर जोडी-जोडीनं खाली बसवलं आणि मला म्हणाले मोज. मी मोजले, 43. काका म्हणाले परत मोज. 42. तिसऱ्यांदा परत 43. मागच्या रांगेतला एक मुलगा मी पुढे सरकले की उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसत होता, मला पत्ताच नाही. काकांनी माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, आता तुझी ड्युटी संपली का? आणि स्वतःच म्हणाले, नाही संपली, गिनती जुळेपर्यंत कुणाचीच संपत नाही, घरी लेकरू तापानं फणफणलेलं असलं तरी. ते वाक्य मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

झडती पण त्यांनीच शिकवली. शर्टाची कॉलर, पॅन्टची दुमड, चपलेचा तळवा, साबणाची वडीसुद्धा हातात वाकवून बघायची. बाईची झडती बाईच घेणार, म्हणून आम्हा मुलींची गरज किती आहे हे त्यांच्याकडून कळलं. लहान मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ आत राहू शकतं, हे मला माहितीच नव्हतं. काका म्हणाले, त्या लेकराला भिंतीबाहेरचं काही ठाऊक नसतं, तुमचा आवाज कसा लागतो हे ते रोज ऐकतं. आणि एक गोष्ट ते दर रविवारी सांगायचे, आतले चारपैकी साधारण तीन जण न्यायाधीन असतात, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो, तेव्हा शिवी देऊन बोलवायचं नाही, नावानं बोलवायचं. पण घरचा पत्ता, मुलांची शाळा, आपली अडचण यातलं एक अक्षर आत बोलायचं नाही आणि कुणाच्या घरून आलेला चहासुद्धा घ्यायचा नाही, कारण चहापासूनच सुरू होतं.

येरवड्याचं जेल 1871 चं आहे, पुणे करार तिथंच झाला 24 सप्टेंबर 1932 ला, हे आम्ही जीकेसाठी पाठ केलंच होतं. काका मात्र सांगायचे की ज्या भिंतीच्या आत गांधीजींनी उपोषण केलं त्याच भिंतीच्या आत तुम्ही रात्रपाळीला उभे राहणार आहात, बूट पॉलिश करून जा. कैदी ठेवायची जागा अडीच हजाराच्या आसपास आणि माणसं कित्येक वर्षं त्याच्या दुपटीहून जास्त, तिथं एक शिपाई किती जणांना पुरणार, हेही त्यांनी लपवलं नाही. दोन मुलं ते ऐकून सोडून गेली. मला वाटतं त्यांचं बरोबरच झालं, नाहीतर नोकरी लागल्यावर कळलं असतं.

2025 च्या भरतीत जेल शिपायाच्या 580 जागा निघाल्या आणि मी परत फॉर्म भरलाय. या वेळी 4 किलोचा गोळा स्वतःचा घेतलाय, दुकानदारासमोर वजन करून, आणि रनिंगपुरती याच अकॅडमीच्या सकाळच्या बॅचला जाते. काल 5 मीटर 60 पडला.

ग्राउंडच्या सामानाला 1 स्टार, रनिंगला 4, मेसला 2 (भाजी पातळ, पण चपात्या मोजत नाहीत), सुभेदार काकांना 5. काकांच्या तासाला बाहेरच्या मुलांनाही बसू देतात, वेगळे पैसे घेत नाहीत, रविवारी साडेदहाला, वही घेऊन जा, उशिरा आलेल्याला ते आत घेत नाहीत.