स्लॉट कार शिकायचीय: तयार प्लास्टिकचा ट्रॅक घ्यावा की लाकडी बनवून घ्यावा?

ट्रॅकच्या खाचेतून विजेवर धावणारी ही छोटी गाडी नुसती पळवायची असेल, तर 1957 साली इंग्लंडात आलेल्या स्कॅलेक्स्ट्रिकचा किंवा मूळच्या जर्मन कॅरेराचा कुठलाही सेट घ्या, पोरं खूश होतील. पण गाडी वळणावर का सटकते, ब्रेक कसा लागतो हे समजून घ्यायचं असेल, तर माझा कौल लाकडी ट्रॅकला.

सगळा फरक चुंबकाचा आहे. प्लास्टिक ट्रॅकवर वीज पुरवणाऱ्या पट्ट्या पोलादी असतात आणि गाडीच्या पोटाखालचं चुंबक त्यांना धरून ठेवतं. टायर नीट गोल नसला, गाइड (गाडीखालचं खाचेत उतरणारं पातं) ढिला असला तरी गाडी वळण घेते आणि चूक झाकली जाते. लाकडी ट्रॅकवर विजेसाठी खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची टेप असते. तांब्याला चुंबक धरत नाही, त्यामुळे गाडी आपली प्रत्येक खोड दाखवते. मग मोटार चालू ठेवून मागची चाकं पॉलिश पेपरवर घासायची, वजनासाठी शिशाचा हरभऱ्याएवढा तुकडा कधी पुढे तर कधी मधोमध चिकटवून बघायचा. खरं शिक्षण हेच.

गिअरचा हिशोब दोन्हीकडे सारखा. मोटारीवर 9 दात्यांचं पिनियन (छोटं चक्र) आणि ॲक्सलवर 27 दात्यांचा क्राउन (मोठं चक्र) असेल, तर मोटारीच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक. पिनियन 11 चं लावलं की सरळ पट्ट्यात वेग वाढतो, पण वळणातून उठताना गाडी जड पडते. ब्रेकचं तंत्र मात्र आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारी भरणारा वायंडिंगवाला चटकन समजावेल: हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर सोडला की तो मोटारीची दोन्ही टोकं जोडतो, फिरती मोटार डायनामो होते आणि स्वतःलाच अडवते.

लाकडी ट्रॅकला कष्ट आहेत. एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाची दाबून बनवलेली फळी) सुमारे 3 मिलिमीटरची खाच पाडायला राउटर, म्हणजे खाच कोरायचं यंत्र, असलेला सुतार गाठा. कडांसकट सगळीकडून रंग द्या, नाहीतर पावसाळ्यात फुगतं. माझ्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात टेपचा गोंदही सुटला होता. प्लास्टिकचा ट्रॅक संध्याकाळी उचलून पलंगाखाली ठेवता येतो, ही त्याची मोठीच सोय.

कापसाच्या जिनिंगच्या हंगामात मात्र दोन्हींवर सारखीच आफत. एकदा गाडी मंदावली म्हणून मी मोटार बदलली, ट्रॅकवरून वीज घेणाऱ्या गाडीखालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्याही बदलल्या. शेवटी भिंगातून पाहिलं, तर मागच्या ॲक्सलवर रुईचे तंतू घट्ट गुंडाळलेले. चिमट्याने काढले आणि गाडी पूर्ववत. आता प्रत्येक सरावाआधी ॲक्सल बघतो.

जागा नसेल तर प्लास्टिकचाच साधा ॲनालॉग सेट घ्या. डिजिटलमध्ये चिपची भर पडते, ते नंतर. घरी आणल्यावर चुंबक काढून ठेवा आणि कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी सप्लायवर 10 व्होल्टच्या आसपास सुरुवात करा.